टर्मिनलमधील रंग आणि वाचनीयता: काळ्या व पांढऱ्या, दोन्ही पार्श्वभूमींवर चालतील असे रंग कोणते?

पडदेवाचक (प्रश्न)

नमस्कार. कामाच्या सोयीसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तो लॉगच्या फायली वाचतो आणि त्यांतील नोंदी वर्गवार रंगवून टर्मिनलवर (आज्ञा टंकण्याच्या मजकुरी खिडकीत) दाखवतो. त्रुटी लाल, इशारे पिवळे, सर्वसाधारण माहिती निळी आणि प्रत्येक ओळीच्या आरंभीची तारीख-वेळ करडी, अशी साधी योजना आहे. माझ्या काळ्या पडद्यावर हे सगळे स्वच्छ दिसत होते, म्हणून फारसा विचार न करता मी तो तिघा सहकाऱ्यांना वापरायला दिला.

पहिल्याने कळवले की इशाऱ्यांच्या जागी त्याला कोऱ्या ओळी दिसतात. त्याच्या टर्मिनलची पार्श्वभूमी पांढरी आहे आणि माउसने ती ओळ निवडली की मगच मजकूर उमटतो. दुसरीची तक्रार अशी की निळ्या ओळी वाचताना तिला अक्षरशः पडद्याला नाक लावावे लागते; तिचा पडदा तर माझ्यासारखाच काळा आहे. तिसऱ्याच्या पडद्यावरून तारीख-वेळ पूर्णपणे नाहीशी झाली आहे. त्याची पार्श्वभूमी काळीही नाही आणि पांढरीही नाही. गडद निळसर-हिरवी आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. कोणत्याही पार्श्वभूमीवर वाचता येईल असा रंगांचा एखादा संच आहे का? आणि नेहमीचे सोळा रंग (आठ मूळ आणि त्यांच्या आठ उजळ छटा) सोडून लाल-हिरवा-निळा या तीन घटकांची मूल्ये देऊन मीच नेमकी छटा ठरवली, तर सर्वांना सारखे दिसून हा प्रश्न सुटेल का?

---

फॉस्फर

आधी दुसऱ्या तक्रारीकडे पाहू, कारण तिच्यात बाकीच्या दोन्ही तक्रारींचे मूळ आहे.

तुमचा प्रोग्राम निळा रंग पाठवतच नाही. तो एस्केप अक्षरामागून (टर्मिनलला सूचना देणाऱ्या, पडद्यावर न उमटणाऱ्या अक्षरामागून) ३४ हा क्रमांक पाठवतो, आणि त्या क्रमांकाला कोणती छटा द्यायची हे पलीकडचे टर्मिनल ठरवते. हे एस्केप क्रम १९७०च्या दशकात प्रमाणित झाले, तेव्हा मानकात आठ रंगांची केवळ नावे दिली गेली. निळा म्हणजे किती निळा, हे त्यात नाही. १९७८ साली आलेल्या आणि पुढे सर्वांनी ज्याचे अनुकरण केले त्या व्हीटी१०० टर्मिनलला तर रंगच नव्हते. त्यामुळे पुढे ज्याने त्याने आपापल्या सोयीने छटा निवडल्या. जुन्या पीसींच्या व्हीजीए या पडदा-मानकाच्या मजकूर-पडद्यावरचा निळा ०, ०, १७० (लाल, हिरवा, निळा या क्रमाने, प्रत्येकी ० ते २५५) असा होता. विंडोजच्या जुन्या कन्सोलचा गडद निळा ०, ०, १२८ होता. एक्सटर्म या टर्मिनल-प्रोग्रामचा ०, ०, २३८ आहे.

आता हे आकडे वाचनीयतेच्या भाषेत मांडू. वेब मजकुराच्या सुगम्यतेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढतात. काळ्यावर पांढरे म्हणजे २१:१, आणि सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ असावे अशी अपेक्षा असते. या हिशेबात रंगाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१.३ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७.२ टक्के धरला जातो. म्हणून शुद्ध काळ्यावर पूर्ण हिरव्याला १५.३:१ मिळतात, पूर्ण लालला ५.२५:१, आणि पूर्ण निळ्याला, म्हणजे त्याहून अधिक निळे काही असूच शकत नाही त्या छटेला, २.४४:१. एक्सटर्मचा निळा २.२ वर येतो, व्हीजीएचा १.६ वर, आणि विंडोजचा जुना गडद निळा १.३ वर. शेवटचा आकडा पाहिल्यावर तुमच्या सहकारी तो मजकूर वाचू तरी कशा शकल्या याचेच मला नवल वाटते. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली कन्सोलची रंगसंगती बदलून निळा ०, ५५, २१८ केला. तरीही त्यांच्या जवळपास काळ्या पार्श्वभूमीवर तो २.४ च्या आसपासच राहतो.

यात डोळ्याच्या रचनेचाही भाग आहे. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी मुळात थोड्या असतात आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जिथे आपण वाचताना अक्षर धरतो, तिथे त्या जवळजवळ नसतातच. डोळ्याचे भिंग निळा प्रकाश लालच्या तुलनेत अलीकडे केंद्रित करते, त्यामुळे निळ्या अक्षरांच्या कडा पुसट वाटतात. मोठा निळा चौकोन छान दिसतो. एका पिक्सेलच्या रुंदीची निळी रेघ दिसत नाही.

हे सगळे असूनही तुम्हाला तुमच्या पडद्यावर निळे ठीक दिसले, त्याला एक शक्यता आहे. तुम्ही ठळक आणि निळा असे दोन्ही क्रमांक एकत्र पाठवत असाल, तर पुष्कळ टर्मिनले ठळक या सूचनेचा अर्थ ‘उजळ छटा वापरा’ असाही घेतात, आणि उजळ निळा वाचण्यासारखा असतो. फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा फोल्डरांची नावे नेमकी याच जोडीने, म्हणजे ठळक निळ्याने, दाखवते. पण काही टर्मिनलांत ठळकपणा आणि उजळपणा आता वेगळे केले आहेत. तिथे अक्षर जाड होते, छटा मात्र मूळची गडदच राहते.

वाचणाऱ्याच्या बाजूने उपाय सोपा आहे. तुमच्या सहकाऱ्यांनी टर्मिनलच्या रंगमालेत निळ्याची जागा १००, १५०, २५५ अशा एखाद्या फिक्या छटेला द्यावी. काळ्यावर तिचे गुणोत्तर सुमारे ७.३ भरते. एकदा तिथे बदलले की ‘एलएस’, मजकूर-संपादक (एडिटर), तुमचा प्रोग्राम, सगळेच एकदम सुधारतात. लिहिणाऱ्याच्या बाजूने काय करावे, हे मी इतरांवर सोपवतो.

---

तिरकीरेघ

लिहिणाऱ्याची बाजू मी मांडतो, आणि दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मोह मलाही एकेकाळी झाला होता.

नेमकी छटा पाठवली की सर्वांना सारखी दिसेल, हे खरे आहे. पण सारखी दिसणे आणि सारखी वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण पिवळा सगळीकडे पूर्ण पिवळाच दिसेल. काळ्यावर तो झळकेल आणि पांढऱ्यावर त्याचे गुणोत्तर १.०७:१ असेल. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याच्या कोऱ्या ओळी म्हणजे हा आकडा. शिवाय फॉस्फर यांनी सुचवलेली वाटही तुम्ही त्याने बंद करता. ज्या माणसाने आपल्या डोळ्यांना सोसेल अशी रंगमाला कष्टाने जुळवली आहे, तिला तुमचा प्रोग्राम वळसा घालतो, आणि त्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. क्रमांक पाठवणे म्हणजे शेवटचा शब्द वाचणाऱ्याकडे ठेवणे. मला हा त्या जुन्या पद्धतीचा दोष वाटत नाही, गुण वाटतो.

दोन्ही पार्श्वभूमींवर चालणारा रंग असतो का, याचे उत्तर गणिताने देता येते. तो असतो, पण फट फार अरुंद आहे. काळ्याशी आणि पांढऱ्याशी समान अंतर राखणाऱ्या छटेचे गुणोत्तर दोन्हीकडे २१ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे ४.५८, भरते. याहून चांगले दोन्हीकडे एकदम मिळणे शक्य नाही. म्हणजे ४.५ ची किमान अट जेमतेम पार होते. पूर्ण लाल या मध्याच्या जवळ आहे: काळ्यावर ५.२५, पांढऱ्यावर ४. त्रुटींसाठी लाल वापरण्याची रूढी त्यामुळे बऱ्यापैकी निभावून जाते. करड्यामध्ये नेमका मध्य हवा असेल तर २५६ रंगांच्या मालेतील २४३ हा क्रमांक पाहा. या मालेत पहिले १६ रंग टर्मिनलच्या मर्जीचे, मग ६×६×६ असा २१६ रंगांचा घन आणि शेवटी २४ करड्या छटा असतात. पहिल्या सोळांनंतरच्या जागा बहुतेक रंगसंगती बदलत नाहीत. २४३ म्हणजे ११८, ११८, ११८, पांढऱ्यावर ४.५ आणि काळ्यावर ४.६.

पिवळ्याची मात्र यात गोची होते. त्याचा उजळपणा मध्यावर आणला की तो पिवळा राहत नाही. शेवाळी किंवा तपकिरी होतो. १२८, १२८, ० ही छटा पांढऱ्यावर ४.२ आणि काळ्यावर ५ देते, पण तिला कोणी पिवळी म्हणणार नाही. गंमत म्हणजे १९८१ च्या सीजीए या आयबीएम पीसीच्या रंगीत ग्राफिक्स कार्डासोबतच्या रंगमालेत गडद पिवळ्याच्या जागी तपकिरी दिसावा म्हणून आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये हिरव्याची मात्रा निम्मी करणारी खास व्यवस्था होती. गडद पिवळा तेव्हाही कोणाला आवडला नव्हता.

तेव्हा इशाऱ्यांसाठी रंगाचा नाद सोडा, असे मी म्हणेन. उलट दाखवणे, म्हणजे ७ हा क्रमांक, अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग अदलाबदल करतो. वाचणाऱ्याने स्वतः निवडलेली जोडीच उलटी होत असल्याने गुणोत्तर होते तितकेच राहते, पार्श्वभूमी कोणतीही असो. ठळक आणि अधोरेखित यांचेही तेच आहे.

आणखी काही गोष्टी सवयीच्या व्हाव्यात. अक्षराचा रंग पांढरा किंवा काळा असा कधीही पाठवू नका. मूळ रंगावर परतायचे असेल तर ३९ आणि ४९ हे क्रमांक आहेत, ते ‘वापरणाऱ्याचा जो असेल तो’ असा अर्थ सांगतात. पार्श्वभूमी रंगवायचीच असेल तर अक्षराचा रंगही सोबत द्या, कारण एकच दिला तर दुसरा काय असेल याचा जुगार होतो. आउटपुट टर्मिनलऐवजी फाइलीत किंवा पाइपमध्ये (म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे) जात असेल तर रंग आपोआप बंद झाले पाहिजेत, नाहीतर फाइलीत कंस आणि आकड्यांचा कचरा साचतो. ‘नो_कलर’ या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (वापरणाऱ्याने ठेवलेले, प्रोग्रामांना वाचता येणारे मूल्य) ठेवलेला असेल तर रंग वापरू नयेत, हा २०१७ पासूनचा संकेतही पाळा. तो पाळायला दोन ओळी लागतात.

टर्मिनललाच त्याची पार्श्वभूमी विचारता येत नाही का, असे तुम्ही विचाराल. येते. तसा एस्केप क्रम आहे आणि बरीच टर्मिनले त्याला उत्तरही देतात. पण जी देत नाहीत त्यांच्यासाठी किती वेळ थांबायचे हे ठरवावे लागते, दूरच्या यंत्रावरून काम करताना उत्तर उशिरा येऊन वापरणाऱ्याच्या टंकलेखनात मिसळते, आणि मध्ये टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनले चालवणारा प्रोग्राम) असेल तर ते मधल्यामध्ये काय सांगेल याचा भरवसा नसतो. संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या संपादकाला हा खटाटोप शोभतो. लॉग दाखवणाऱ्या प्रोग्रामला नाही.

---

पडदेवाचक

दोघांचेही आभार. निळ्याचे आणि पिवळ्याचे कोडे सुटले. फॉस्फर यांचा अंदाज अचूक निघाला: मी ठळक निळाच पाठवत होतो आणि माझे टर्मिनल तो उजळ करून दाखवत होते. पण तिसऱ्या सहकाऱ्याच्या गायब तारखांचे कारण अजून उमगले नाही. मी तिथे ९०, म्हणजे उजळ काळा, वापरला आहे. पुष्कळ प्रोग्राम दुय्यम मजकुरासाठी हाच वापरतात असे पाहून मीही वापरला. त्याऐवजी आता २४३ घालू का?

---

फॉस्फर

वर्णनावरून तुमचे सहकारी सोलराइज्ड ही रंगसंगती वापरत असावेत. ईथन शूनोव्हर यांनी २०११ साली ती प्रसिद्ध केली, आणि तिची एक खोड अशी की उजळ रंगांच्या आठ जागांपैकी बहुतेक जागा तिने करड्या छटांना दिल्या आहेत. ‘उजळ काळा’ या जागेवर तिच्या गडद आवृत्तीची प्रत्यक्ष पार्श्वभूमी बसवलेली आहे: ०, ४३, ५४. म्हणजे तुमचा प्रोग्राम तारीख छापतो, पण ज्या रंगाच्या भिंतीवर छापतो त्याच रंगाने. गुणोत्तर १:१. यात चूक कोणाची, यावर वाद घालता येईल. क्रमांक आणि छटा यांच्यात करार नाही म्हणताना असे होणारच.

२४३ तिथे दिसेल, पण काठावर. पार्श्वभूमी शुद्ध काळी नसल्यामुळे ४.६ चे ३.३ होतात. ही गोष्ट सर्वच मवाळ रंगसंगतींना लागू आहे: पार्श्वभूमी काळ्यापासून जितकी वर उचलली जाते, तितकी मधल्या छटांखालची जमीन सरकते. सोलराइज्डचा स्वतःचा मुख्य मजकूर ४.७५ वर आहे, म्हणजे किमान अटीच्या थोडाच वर, आणि संपादकात टिप्पण्यांसाठी ती जी छटा वापरते तिचे २.८ भरतात. काहींना तो सौम्यपणा दिवसभराच्या कामात सुखाचा वाटतो, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण ज्यावर आणखी फिके करायला वावच नाही, अशा मजकुराला आपण बाहेरून फिके करू जाऊ नये.

‘फिका’ अशी एक वेगळी सूचनाही आहे, क्रमांक २. ती मिळाल्यावर टर्मिनलने आपल्याच अक्षराचा रंग मंद करावा अशी अपेक्षा असते. कल्पना चांगली आहे, पण काही टर्मिनले ती पाळत नाहीत आणि पाळणारी किती मंद करतील याचा नेम नाही. न पाळल्यास मजकूर नेहमीसारखा दिसतो, हा तिचा एक फायदा मात्र आहे.

माझे मत विचाराल तर तारखेला काहीच करू नका. ती मूळ रंगात राहू द्या आणि वर्गाचा शब्द ठळक करा. एखादी गोष्ट मागे ढकलण्यासाठी तिला फिकी करण्याऐवजी दुसरीला पुढे आणले तरी डोळा तिथेच जातो.

---

लालहिरवा

या चर्चेत एक बाजू राहिली आहे, आणि ती माझी आहे. मला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे बारात एक असे दिले जाते, आणि स्त्रियांत ते बरेच कमी असते.

मूळ योजनेत हिरवा नाही हे पाहून बरे वाटले, पण पुढे ‘यशस्वी’ नोंदींसाठी तो येईल असा माझा अंदाज आहे, म्हणून आधीच सांगतो. चाचण्यांचे निकाल दाखवणारे काही प्रोग्राम प्रत्येक चाचणीमागे एक टिंब छापतात, उत्तीर्ण झाल्यास हिरवे आणि अनुत्तीर्ण झाल्यास लाल. माझ्यापुढे येते ती एकसारख्या मातकट टिंबांची ओळ. शेवटी बेरीज वाचूनच मला कळते की काही बिघडले आहे, आणि कोणते टिंब ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. याउलट फायलींमधला फरक दाखवणारी ‘डिफ’ पाहा: तिथेही लाल-हिरवेच असतात, पण ओळीच्या आरंभी अधिक किंवा उणे चिन्ह असते, त्यामुळे रंग पूर्ण काढून टाकले तरी माझे काही अडत नाही. ती चिन्हे रंगांच्या आधीपासूनची आहेत, हे आमच्यासारख्यांचे भाग्य.

वर दिलेल्या गुणोत्तरांबद्दलही एक सूचना. ती सरासरी डोळ्यासाठी आहेत. ज्यांच्यात लाल प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींचाच दोष असतो, त्यांना लाल नुसता वेगळा दिसत नाही असे नाही, तो काळपटही दिसतो. काळ्यावरच्या लालला कागदावर ५.२५ मिळत असले तरी त्यांच्या डोळ्यांना ते मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या योजनेतली सर्वांत महत्त्वाची ओळ, त्रुटीची, काहींसाठी सर्वांत अंधूक ठरते. मजकुरात शब्द शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा सापडलेला शब्द ठळक लाल करते; मी माझ्या यंत्रावर ‘ग्रेप_कलर्स’ या तिच्या सेटिंगमध्ये तो उलट दाखवण्यावर बदलून घेतला आहे आणि तेव्हापासून शब्द शोधत बसावे लागत नाही.

त्यामुळे ओळीत ‘त्रुटी’ हा शब्द लिहिलेला असू द्या, आणि रंग त्याच्यावर चढवा. शब्दाच्या ऐवजी नको.

---

उजेडातला

पांढऱ्या पार्श्वभूमीवर काम करणारे आम्ही काही चुकून तिथे पोहोचलेलो नाही, एवढे नोंदवतो. उजळ पडद्यासमोर डोळ्याची बाहुली लहान होते आणि प्रतिमा अधिक रेखीव पडते. त्यामुळे बारीक अक्षरे कित्येकांना पांढऱ्यावर काळी अशीच चांगली वाचता येतात. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्या काहींना तर काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रभा फुटलेली दिसते.

तुमच्या पहिल्या सहकाऱ्याला तात्पुरता उपाय हवा असेल तर आयटर्म२ या टर्मिनल-प्रोग्राममध्ये किमान कॉन्ट्रास्ट (वरचेच गुणोत्तर) ठरवण्याची सोय आहे. व्हीएस कोड या संपादकातील टर्मिनलमध्ये तशीच सोय, आपण काही न बदलल्यास, ४.५ वर लावलेली असते. प्रोग्रामने कोणताही रंग मागितला तरी टर्मिनल तो तेवढा गडद किंवा उजळ करून दाखवते. याची किंमत अशी की दोन मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या फिक्या छटा खेचल्या जाऊन एकमेकींसारख्या दिसू लागतात. वाचता येते, फरक मात्र बुजतो.

---

पडदेवाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बदल केले. निळा, पिवळा आणि करडा हे तिन्ही काढून टाकले. माहितीच्या ओळी आणि तारखा मूळ रंगात आहेत. ‘त्रुटी’ हा शब्द ठळक, लाल आणि अधोरेखित आहे. ‘इशारा’ हा शब्द उलट दाखवला आहे. आधी मी इशाऱ्याची संपूर्ण ओळ उलटी केली होती, पण एका फाइलीत दोनशेच्या वर इशारे निघाले आणि पडद्याला झेब्र्याचे पट्टे आले, म्हणून केवळ शब्दापुरते ठेवले. फाइलीत पाठवल्यास रंग बंद होतात, ‘नो_कलर’ही पाळला आहे.

तिघांनीही पाहून हरकत नाही म्हटले. पहिल्याला प्रथमच कळले की त्याच्या यंत्रावर इतके इशारे होते.

लालहिरवा, तुमची हरकत नसेल तर तुम्हीही एकदा पाहाल का? पडद्याचे चित्र काढून इथे लावतो.

---

लालहिरवा

जरूर पाहतो, पण चित्र नको. चित्रात तुमची रंगमाला येईल, आणि पाहायची आहे ती माझ्या टर्मिनलवर काय होते ते. प्रोग्रामच पाठवा, आणि सोबत दहा-वीस ओळींचा नमुना लॉग.